धोकटी आणि ब्लेड

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, आणि आपण मूळचे न्हावी. मग मला एवढंच सांगा, पहिला सेफ्टी रेझर घ्यायचा तर कुठला घेऊ? आणि ब्लेड कुठलं?" तीन पात्यांच्या, पाच पात्यांच्या कार्ट्रिजवर वर्षाला किती पैसे जातात, याचा हिशेब त्याने मला ऐकवला. त्याच्या ऑफिसातल्या दोघातिघांनी जुन्या पद्धतीचा, एका ब्लेडचा, धातूचा रेझर घेतला होता. वाटीत गरम पाणी, साबण, ब्रश, असा सगळा थाट. त्यालाही तो मांडायचा होता.

'दुकानात जा आणि दिसेल तो घे' असे मी सांगू शकलो असतो. पण आमच्या घरात सेफ्टी रेझर ही साधी वस्तू कधीच नव्हती. माझ्या आजोबांच्या लेखी तो पोटावर पाय देणारा होता. मी स्वतः तो पहिल्यांदा विकत घेतला तो चोरून. त्यामुळे पुतण्याला उत्तर द्यायला मला जवळजवळ तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे वाचले आणि जे आठवले, ते इथे मांडतो आहे.

आजोबांना आम्ही आबा म्हणत असू. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात ते बलुतेदार न्हावी होते. त्यांची धोकटी अजून माझ्याकडे आहे. चामडे वाळून लाकडासारखे झाले आहे, पण आत सगळे जागच्या जागी आहे. दोन वस्तरे, कात्री, नखे काढायची नराणी, दगड, पितळेची वाटी, पारा उडालेला आरसा, तुरटीचा खडा आणि वस्तरा पाजळायचा पट्टा. यातल्या प्रत्येक वस्तूला दुसरा माणूस लागतो. वस्तरा धरणारा एक आणि गाल पुढे करणारा दुसरा. दोघे समोरासमोर उकिडवे बसायचे, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. आबा डाव्या हाताने हनुवटी वर करायचे, आणि मग गावचा पाटील असो की सावकार, त्याचा गळा आबांच्या हातात असायचा. कुणाच्या घरी कधी जायचे याचे वार ठरलेले होते. अमावास्या, एकादशी टाळायची. दिवाळीत पहाटे तेल लावायला जायचे. मोबदला रोख नाही, सुगीनंतर खळ्यावर. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात ही सगळी व्यवस्था सापडते. आत्रे तिच्याकडे कचेरीतल्या माणसाच्या नजरेने बघतात, आणि बलुतेदारांबद्दल त्यांचा सूर अनेकदा कडवट होतो. मला तो खटकतो. पण तपशिलात त्यांना तोड नाही.

आबांच्या फिरतीत एक वाट नव्हती. ते महारवाड्यात आणि मांगवाड्यात जात नसत. लहानपणी मला त्यात काही वेगळे वाटले नाही. कॉलेजात शिकू लागल्यावर वाटले, आणि एकदा मी त्यांना सरळ विचारले. ते चिडले नाहीत. म्हणाले, "ग्येलो आस्तो तर दुसऱ्या दिशी गावानं मला उंबऱ्यात घेतलं नसतं. मग तुझ्या बापाला खायाला काय घातलं आस्तं?" हे उत्तर खोटे नव्हते. पण त्याने माझे समाधानही झाले नाही, आणि आजही होत नाही.

हेच उत्तर जवळजवळ याच शब्दांत मला दुसऱ्या एका ठिकाणी भेटले. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये प्रिटोरियातली हकीकत सांगितली आहे. तिथल्या एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला तिरस्काराने नकार दिला. गांधीजींनी कात्रीवजा यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःचे केस स्वतः कापले. पुढचे जमले, मागचे बिघडले, आणि कोर्टातल्या मित्रांनी विचारले की रात्री उंदरांनी केस कुरतडले काय. दाढी मात्र ते आधीपासूनच स्वतः करत. विलायतेला जाऊन आलेला प्रत्येक जण निदान तेवढे तरी शिकून येतो, असे त्यांनी म्हटले आहे. पण या हकिकतीचा खरा भाग पुढे आहे. त्या न्हाव्याला ते दोष देत नाहीत. काळ्या माणसाला हात लावला असता तर त्याची गोरी गिऱ्हाइके तुटली असती. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा करू देतो का, असे ते विचारतात.

अमेरिकेत हीच गाठ आणखी विचित्र होती. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शहरांत गोऱ्यांची दाढी करणारे नामांकित न्हावी काळे होते. अटलांटातला अलोन्झो हर्न्डन हा १८५८ साली गुलामीत जन्मला. पुढे पीचट्री रस्त्यावर त्याने संगमरवरी, झुंबरांचे केशकर्तनालय थाटले, आणि मिळालेल्या पैशातून १९०५ साली काळ्यांसाठी विमा कंपनी उभी केली. पण त्या झुंबरांखाली दाढी व्हायची ती गोऱ्यांचीच. त्याच्या स्वतःच्या जातभाईला तिथल्या खुर्चीवर बसता येत नव्हते. बसवले असते तर खुर्च्या रिकाम्या पडल्या असत्या. हर्न्डनबद्दल वाचताना मला सारखे आबा दिसत होते, फक्त झुंबरांशिवाय.

मात्र वस्तरा धरणाऱ्या हाताला नकार देता येतो, याची दुसरी बाजूही आहे. १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली, तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. विधवांचे केशवपन आम्ही यापुढे करणार नाही, असे त्या सभेने ठरवले. ज्या क्रूर रूढीला शास्त्रार्थाच्या वादांनी धक्का लागत नव्हता, तिला हत्यार चालवणाऱ्यांनीच हात आखडून विरोध केला. आमच्या समाजात या घटनेचा अभिमानाने उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. पण इतिहासाचा माणूस म्हणून मला दोन्ही नकार शेजारी ठेवावे लागतात. मुंबईतला नकार होता आणि आबांचाही होता. हत्यार एकच होते.

आता सेफ्टी रेझरकडे वळतो. हे यंत्र गुळगुळीत दाढीसाठी जन्मले असे आपण समजतो. गुळगुळीत दाढी चांगला न्हावी कधीपासूनच करत होता. या यंत्राने जे आणले ते वेगळे होते. ज्याची दाढी त्याच्याच हातात हत्यार. पॅरिसमधल्या झाँ-झाक पेरे या हत्यारे बनवणाऱ्या कारागिराने १७६९ साली एक पुस्तक छापले. त्याच्या नावातच 'स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला' असे शब्द आहेत. पेरेने वस्तऱ्याला लाकडी म्यान बसवले, सुताराच्या रंध्यासारखे, म्हणजे धार कातडीत जरुरीपेक्षा जास्त शिरणार नाही. पुढे १८८० साली न्यू यॉर्कच्या काम्फे बंधूंनी दांड्याला काटकोनात बसणारे पाते आणि त्यापुढे संरक्षक पट्टी, अशी रचना केली आणि 'सेफ्टी रेझर' हे नाव रूढ केले. पण त्यांचे पाते म्हणजे वस्तऱ्याचाच जाड तुकडा होता. दाढीआधी ते काढायचे, पट्ट्यावर पाजळायचे, मधूनमधून दगडावर लावायचे. गाल कापण्याची भीती गेली, पण धार लावण्याची विद्या लागतच होती. आणि न्हाव्याची खरी विद्या तीच. वस्तरा फिरवायला पोरगे वर्षभरात शिकते, धार लावायला त्याला अर्धे आयुष्य लागते, असे आबा म्हणायचे.

ही विद्याच अनावश्यक करून टाकणारा माणूस धंद्याने फिरता विक्रेता होता. किंग कँप जिलेट, जन्म १८५५. तो बाटल्यांच्या पत्र्याच्या बुचांच्या कंपनीत काम करत होता. त्या बुचांचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला होता की लोक एकदा वापरून फेकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील, असे काहीतरी शोध. १८९५ साली एका सकाळी दाढी करताना, वस्तरा बोथट झालेला पाहून, जिलेटला ते सुचले असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. धार तेवढी कामाची, बाकीचे पोलाद फक्त तिला आधार द्यायला. मग आधार वेगळा आणि धार वेगळी का करू नये? कागदासारखे पातळ पाते, दोन्ही कडांना धार, आणि त्याला वाकवून घट्ट धरणारी पकड. बोथट झाले की पाजळायचे नाही, टाकायचे.

गंमत अशी की हा माणूस बाजाराचा भक्त नव्हता. आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्याने 'द ह्यूमन ड्रिफ्ट' नावाचे पुस्तक छापले होते. स्पर्धा हेच सगळ्या दुःखाचे मूळ, म्हणून सगळे उत्पादन लोकांच्या मालकीच्या एकाच कंपनीकडे द्यावे, आणि नायगाऱ्याच्या धबधब्यावर चालणाऱ्या एकाच अवाढव्य नगरात सगळ्यांनी राहावे, असे त्याचे स्वप्न. पुढे ब्लेडच्या प्रत्येक वेष्टनावर याच माणसाचा चेहरा छापला जाऊ लागला. त्या चेहऱ्याला भरघोस मिशी होती!

कल्पना सोपी, पोलाद अवघड. इतका पातळ पत्रा तापवून विझवला की तो वेडावाकडा होतो, आणि सरळ राहिला तर धार धरत नाही. जाणकारांनी जिलेटला हे होणार नाही असेच सांगितले. ते करून दाखवले विल्यम निकरसन या एमआयटीत शिकलेल्या इंजिनिअरने. पाती कडक करण्याची आणि त्यांना धार लावण्याची यंत्रे त्याने बनवली. १९०१ साली कंपनी निघाली, १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले.

इथे एका लोकप्रिय गैरसमजाबद्दल लिहायलाच हवे, कारण तो व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही शिकवला जातो आणि माझ्या पुतण्यालाही तो पाठ होता. जिलेटने म्हणे रेझर जवळजवळ फुकट वाटला आणि पैसा ब्लेडवर कमावला. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० साली जुन्या किमती तपासून दाखवले की पेटंटच्या काळात नेमके उलटे होते. जिलेटचा रेझर पाच डॉलरला होता, आणि त्या काळच्या अमेरिकी कामगाराच्या आठवड्याच्या पगारातला तो मोठा हिस्सा होता. त्याच वेळी 'एव्हर-रेडी' नावाचा स्पर्धक रेझर बारा ब्लेडसकट एका डॉलरला मिळत होता. म्हणजे १९१० च्या सुमारास पहिला सेफ्टी रेझर घेणाऱ्या अमेरिकी तरुणापुढे माझ्या पुतण्यासारखाच पेच होता. स्वस्तातला घेऊ की नावाजलेला? जिलेट महागच राहिला. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकी सैन्यासाठी सरकारने सुमारे पस्तीस लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त ब्लेड घेतली, आणि लाखो तरुण सकाळी स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय लावून घेऊन घरी परतले. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हा कुठे कंपनीने जुन्या घडणीचा रेझर एका डॉलरला विकायला काढला. दांडा स्वस्त झाला तो संरक्षण उठल्यावर. कुणाच्या धोरणी औदार्याने नाही.

पेटंट संपल्यावर जे झाले त्याची खूण आजच्या प्रत्येक ब्लेडच्या पोटात आहे. घरात दुधारी ब्लेड असेल तर काढून बघा. मधोमध लांब खाच आहे, तिला ठरावीक जागी रुंदी आहे. जिलेटच्या पहिल्या ब्लेडला अशी खाच नव्हती, तीन गोल भोके होती. हेन्री गाइसमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने असे पाते तयार केले की ते त्याच्या स्वतःच्या रेझरमध्ये बसे आणि जिलेटच्या जुन्या रेझरमध्येही बसे. पण जिलेटचे पाते त्याच्या रेझरमध्ये बसत नसे. जिलेट कंपनीने १९३० साली नवी खाच काढली, तेव्हा गाइसमनने दावा लावला. तडजोड म्हणून दोन्ही कंपन्या एक करायचे ठरले. हिशेब तपासताना जिलेटच्या वह्यांत नफा फुगवून दाखवल्याचे निघाले, आणि सूत्रे गाइसमनकडे गेली. मंदीत बहुतेक संपत्ती गमावलेला किंग जिलेट १९३२ मध्ये वारला. या भांडणातून उरलेली खाच मात्र जगाचे माप होऊन बसली. आज कुठल्याही देशाचे दुधारी ब्लेड कुठल्याही देशाच्या रेझरमध्ये बसते. एकाच कंपनीच्या हाती सगळे उत्पादन देऊ पाहणाऱ्या जिलेटच्या वस्तूला असे सर्वांचे होणे नशिबी आले.

आपल्याकडे हे ब्लेड इंग्रजी अमलातच आले. आधी साहेब, मग वकील-मास्तर, मग गिरण्या, रेल्वे आणि पलटणीतली माणसे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि देशी ब्लेड निघाली. भारत, अशोक, पनामा, टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक ही नावे माझ्या पिढीला तोंडपाठ आहेत. ठाण्यातल्या विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यातून निघालेली सुपर-मॅक्सची ब्लेड तर जगभर गेली. ब्लेड घरात शिरले ते फक्त दाढीपुरते नाही. पेन्सिलीला टोक, शिवण उसवणे, नखे, पतंगाचा कागद. सुईणींच्या प्रशिक्षणात नाळ कापायला विळ्याऐवजी नवे कोरे ब्लेड आले, आणि त्या एका बदलाने किती अर्भकांचा धनुर्वात टळला असेल! हे काम कुठल्या जाहिरातीत आले नाही.

ब्लेडबद्दलची दुसरी बाजू मला एका सहकाऱ्याने दाखवली. आम्ही एकाच कॉलेजात शिकवत होतो. तो शेजारच्याच तालुक्यातला, महारवाड्यात वाढलेला. त्याचे वडील मुंबईला गिरणीत होते. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी सेफ्टी रेझर आणला. तोवर वाड्यात एकजण वस्तरा बाळगून होता आणि तोच सगळ्यांची दाढी करायचा. धार बेताची, त्यामुळे रक्त ठरलेले. "रेझर एकच होता," सहकारी म्हणाला, "रविवारी सात घरं फिरायचा. पोरांना दारात बसून बघायची परवानगी. आणि माझा बाप मुद्दाम गावाच्या बाजूला तोंड करून, चावडीवरनं दिसेल असा आरसा टांगून दाढी करायचा." मी विचारले, कायद्याचा उपयोग झाला नाही का? १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने धंद्याच्या ओघात कुणालाही सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला होता. तो हसला. "कायद्यानं वस्तरा आमच्या गालावर यायला आणखी वीस वर्षं लागली. तोवर आम्हाला त्याची गरज उरली नव्हती." माझ्या आजोबांचा धंदा काय होता, हे त्याला माहीत होते. त्याने त्याचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही.

माझा स्वतःचा पहिला रेझर १९७१ सालचा. कोल्हापूरला वसतिगृहात राहत होतो. न्हाव्याच्या पोराने स्वतःची दाढी यंत्राने करायची म्हणजे सोनाराच्या पोराने बाजारातले खोटे दागिने घालण्यासारखे. गावी गेलो की वडील किंवा आबा करायचे. पण कोल्हापुरात दर चार दिवसांनी दाढीला पैसे कुठून आणायचे? महाद्वार रस्त्यावरच्या एका दुकानात तीन रेझर काचेखाली मांडलेले होते. एक वजनदार, मूठ पिरगाळली की झाकण पाखरासारखे दोन्ही बाजूंना उघडणारा. एक दातेरी पट्टीचा. एक साधा, तीन तुकड्यांचा, हलका. मी हलका घेतला, कारण तो स्वस्त होता. बरोबर एक ब्लेडचे पाकीट. पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखा दाबून ओढला आणि हनुवटीखाली बोटभर रेघ उमटली.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा ती रेघ सुकली होती. आबांनी नेहमीसारखी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केले, बोटांच्या मागच्या बाजूने गाल चाचपला, आणि म्हणाले, "उलटा वडलास. हितं क्यास वर जातात तुझं." मग नुसते, "दाव बघू." मी ट्रंकेतून रेझर आणून दिला. त्यांनी तो उलगडला, तिन्ही तुकडे धोतरावर मांडले. ब्लेड अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिले, उजेडात तिरपे धरले, जरासे वाकवून सोडले. "पातं झ्याक हाय. दांडा हलका घेतलास, म्हनून दाबाय लागलं." पुन्हा ब्लेडकडे पाहत त्यांनी विचारले, "ह्याला धार कशावर लावायची?"

"लावायची नाही, आबा. गेली की टाकून द्यायचं."

ते काही बोलले नाहीत. ब्लेड पुन्हा कागदात गुंडाळून त्यांनी मला परत दिले. वडील मात्र दोन दिवस बोलले नाहीत. त्यांनी तालुक्याच्या गावी सलून टाकले होते. बलुते संपत आले होते आणि आरशांचे कर्ज डोक्यावर होते.

पुढे काय झाले ते वडिलांच्याच सलूनमध्ये मी पाहिले. ज्या ब्लेडने गिऱ्हाईक घरी बसवले, तेच ब्लेड न्हाव्याच्या हातात आले. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचे आणि अर्धे नव्या तऱ्हेच्या वस्तऱ्यात सरकवायचे. ब्लेडचे लांब पोकळ पोट, ती गाइसमनची खाच, यासाठी फार सोयीची. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली, तशी गिऱ्हाइके खुर्चीत बसतानाच नवे ब्लेड मागू लागली, आणि वडील त्यांच्या डोळ्यांसमोर पाकीट फोडू लागले. पट्टा खुंटीवरून धोकटीत गेला. पाश्चात्त्य देशांत सत्तरच्या दशकात जोडपाती कार्ट्रिजे आली आणि दुधारी ब्लेड मागे पडले. आपल्याकडे ते टिकले, त्यात या मोडलेल्या अर्ध्या ब्लेडांचा वाटा मोठा आहे. पुतण्याच्या मित्रांना पुण्यात ब्लेड काही रुपयांना मिळते ते या सलूनवाल्यांच्या कृपेने.

तर पुतण्याला मी जे कळवले ते असे. पहिला रेझर साधा घे, तीन तुकड्यांचा. उघडणाऱ्या पाखांचा नको, त्यात बिघडायला जागा जास्त आणि धुवायला त्रास. पुढची पट्टी सरळ असावी, दातेरी नको. दाते दाट वाढलेल्या दाढीसाठी, रोजच्या दाढीला नाही. हातात घेऊन वजन बघ. पितळेचा, जरा जड असेल तर उत्तम, म्हणजे वजन काम करते आणि हात दाबत नाही. ब्लेड झाकणाखाली नीट वाकते का आणि दोन्ही बाजूंना सारखेच बाहेर दिसते का, ते पाहा. पातळ पात्याला ताठपणा त्या बाकामुळे येतो, आणि तिरके बसलेले पाते एका बाजूला कापते. मुठीला डिझाइन काय आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

ब्लेडबाबत मात्र एकच नाव सांगणार नाही. एकाच धारेला एक गाल मऊ म्हणतो आणि दुसरा ओरबाडते म्हणतो. चार-पाच जातींची लहान पाकिटे घे. रेझर तोच, साबण तोच ठेव आणि फक्त ब्लेड बदल. एकदम सगळेच बदललेस तर काय बिघडले ते कळणार नाही. १९६० च्या आसपास विल्किन्सन कंपनीने लेप दिलेली स्टेनलेस ब्लेड बाजारात आणली, तेव्हापासून गंजाचा प्रश्न बराचसा मिटला आहे. तरी ब्लेड चार-पाच दाढ्यांत जाते. हे का होते, त्याचे उत्तर २०२० साली निकरसनच्याच एमआयटीतून आले. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ. मग त्याने धार कशी जाते? तिथल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. धार हळूहळू झिजून गोल होते हे खरेच, पण केस वाकून तिरपा लागला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की धारेचा कणच उडतो. म्हणून केस आधी गरम पाण्याने आणि साबणाने भिजव, भरपूर वेळ दे. रेझर गालाशी तीसेक अंशांत धर, वाढीच्या दिशेने ओढ. मान आणि हनुवटीखालची वाढ कुठल्या दिशेने आहे ते आधी बोटाने चाचपून घे; आपल्या घराण्यात ती वर जाते.

त्याने पितळी रेझर घेतला. आठवड्याभराने फोन आला, की सगळे ठीक आहे, फक्त वापरलेली ब्लेड कुठे टाकायची ते कळत नाही. प्रश्न रास्त होता. अमेरिकेत जुन्या घरांच्या न्हाणीघरात औषधांच्या कपाटाला मागे फट ठेवलेली असे. ब्लेड त्या फटीतून भिंतीच्या पोकळीत पडायची आणि तिथेच राहायची. आजही घर दुरुस्तीला काढले की भिंतीतून गंजलेल्या ब्लेडचा ढीग निघतो. आबा वारल्यावर आम्ही त्यांची धोकटी उघडली, तेव्हा तळाशी माझ्या कोल्हापूरच्या रेझरची, मी सुट्टीत अंगणात टाकलेली, नऊ ब्लेड निघाली. प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेले होते, आणि त्यांतल्या दोघांवर दगडावर घासल्याच्या खुणा होत्या.

पुतण्याला सांगितले, पत्र्याचा एक डबा घे, झाकणाला चिरेसारखी फट पाड आणि त्यात टाकत जा. वर्षानुवर्षे भरणार नाही. भरला की झाकण चिकटपट्टीने बंद कर, वर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' असे लिही, आणि तो ओल्या कचऱ्यात न टाकता कचरा न्यायला येणाऱ्या बाईंच्या हातात सांगून दे. त्या डबे-पिशव्या हातानेच उघडतात.